फळ्यांची भिंत, २३ सॅडलर्स स्ट्रीट

३ मे

आज नेओमी ग्रिग्ज येऊन गेली. कौन्सिलच्या वारसा विभागाची ही अधिकारी. अतिशय सभ्य बाई, आणि तोच वैताग आहे. उद्धट असती तर निदान भांडता आलं असतं.

पुढच्या खोलीतल्या फळ्यांच्या भिंतीत दार पाडायला तिने नकार दिला. खोलीच्या पाठीमागे जी अंधारी कोठी आहे तिथे माझ्या बायकोसाठी, थेल्मासाठी, न्हाणीघर करायचं, आणि पलंगावरून थेट तिथे जाता यावं म्हणून भिंतीत एक दार, एवढीच आमची मागणी. थेल्मा जानेवारीत जिन्यावरून पडली, तेव्हापासून तिचा पलंग पुढच्या खोलीत आहे. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणतात, पण आमचा जिना धुरांड्याला बिलगून गोल गोल चढतो आणि न्हाणीघर वर आहे. त्या जिन्यावर सरकती खुर्ची बसत नाही, वॉकर बसत नाही, खरं म्हणजे चांगला धडधाकट माणूसही नीट बसत नाही. पॅसेजमधून वळसा घालून कोठीत जायचं तर मध्ये दोन पायऱ्या आणि एक बोळकंडी.

हे सगळं मी ग्रिग्जबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पिशवीतून माझीच पुस्तिका काढली. चर्चमध्ये पोस्टकार्डांशेजारी विकायला ठेवलेली असते ती.

"मिस्टर टॅप्सेल, हे तुम्हीच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "'ही ओकची भिंत सोळाव्या शतकापासून आपल्या मूळ जागी उभी आहे. सबंध परगण्यात हिच्या तोडीची दुसरी नाही. हिची एकही फळी जागची हलवू नये.'"

"पुढचं मी म्हणते," थेल्मा पलंगावरून म्हणाली. "'येणाऱ्या पिढ्या आपल्याला क्षमा करणार नाहीत.' त्याला झोपेतसुद्धा पाठ आहे."

चार वर्षांपूर्वी मी प्लास्टरचा थर खरवडून ही भिंत उघडी केली, अहवाल लिहिला आणि त्याच अहवालावरून सरकारने वारसा यादीत आमच्या घराची श्रेणी वाढवली. रस्त्याच्या बाजूला पाटीसुद्धा लागली. आता त्याच अहवालाने माझी बोलती बंद. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण इतकं तोंडघशी कुठला विद्यार्थीही मला पाडू शकला नव्हता.

बाई गेल्यावर थेल्मा म्हणाली, "झालं ते बरं झालं. आता आपण जरा बोलू या का?"

मी म्हटलं, आधी अपिलाचे नियम बघतो.

९ मे

अपिलाला वर्ष लागतं. एक वर्ष!

थेल्मासाठी दवाखान्याने दिलेली कमोडची खुर्ची खिडकीखाली आहे. आठवड्यातून दोनदा मदतनीस ग्लोरिया येते आणि पातेल्यात पाणी घेऊन तिचं अंग पुसून देते. त्या वेळात मी बाहेर चक्कर मारतो. पुढच्या खोलीला पॅसेजच्या बाजूने दार नाही, नुसती कमान आहे. दार बहुधा अठराव्या शतकात काढलं. मी दोरीवर घोंगडी टाकून पडदा केलाय. तो उत्तम चालतो.

१९ मे

ज्युडिथ आली होती ब्रायटनहून. आईला जरा हवा खायला नेते म्हणाली आणि चाकाच्या खुर्चीत घालून दोघी गाडीतून गेल्या, त्या जेवणाची वेळ टळून गेल्यावर परतल्या. खुर्चीच्या चाकांना वाळू होती. समुद्रावर जायचं होतं तर मलाही सांगायचं, मी काय नको म्हटलं असतं?

चहा घेताना ज्युडिथ म्हणाली, "डॅड, हे घर तुला इतकं का आवडतं?"

असा प्रश्न मला कोणी फारसा विचारत नाही, त्यामुळे मी नीट उत्तर दिलं. तिला बाहेर रस्त्यावर नेलं. दर्शनी भिंत बघ म्हटलं, सगळ्या गावाला ती विटांची वाटते. ती विटांची नाहीच. विटांसारखी दिसणारी कौलं एकात एक अडकवून लाकडी सांगाड्यावर ठोकलीत. १७९० च्या सुमाराला अँब्रोज ग्विल नावाचा कापडवाला इथे राहत होता. त्याला नव्या फॅशनचं घर हवं होतं, पण जुनं पाडण्याइतकी ऐपत नव्हती. म्हणून वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला होता तो कापला आणि वरून हा मुखवटा चढवला. मग तिला माळ्यावर नेऊन काजळी धरलेले वासे दाखवले. धुरांडं नव्हतं त्या काळी घराच्या मधोमध चूल पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. पाचशे वर्षांपूर्वीची काजळी अजून बोटाला लागते.

ज्युडिथ बोट बघत राहिली. "आणि मॉम?" तिने विचारलं.

"तिला माळ्यावर चढवत नाही," मी म्हटलं. तिला ठाऊक आहे हे, मग विचारायचं कशाला कोण जाणे.

खाली आल्यावर ग्विलची गोष्ट थेल्मालाही परत सांगितली. ती म्हणाली, "त्यानेही बायकोला विचारलं नसणार."

२ जून

आज शेगडीपुढे बसल्याबसल्या एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना.

भिंत मूळ जागची आहे म्हणून तिला हात लावायचा नाही. म्हणजे ती मूळ जागची नाही असं ठरलं, तर हात लावता येईल. थोडक्यात, रोलंड टॅप्सेल चुकला असं सिद्ध करायचं. आणि ते सिद्ध करायला रोलंड टॅप्सेलइतका लायक माणूस विदरहॅम गावात दुसरा नाही.

एक आहे म्हणा. बेसिल क्राउच, आमच्या इतिहास सोसायटीचा चिटणीस. निवृत्त दंतवैद्य. पुस्तिका निघाली त्याच महिन्यात त्याने सोसायटीच्या पत्रकात लिहिलं होतं की ही भिंत 'बाहेरून आलेली पाहुणी' वाटते. त्यानंतर ख्रिसमसच्या जेवणाला मी त्याच्याशी फक्त हवेबद्दल बोललो.

११ जून

सापडलं.

शिडी लावून, टॉर्च घेऊन डोक्यावरची तुळई पुन्हा बघितली. फळ्या वर जिथे तुळईत शिरतात तिथे खाच हवी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. चार वर्षांपूर्वी मी ती सलग आहे असं लिहून मोकळा झालो होतो, कारण उरलेली तुळई प्लास्टरखाली होती आणि सलग असणार हे मला 'दिसत' होतं. आज ते प्लास्टर काढलं. खाच अर्ध्यात संपते. पुढच्या फळ्या सरळ खिळ्यांनी मारल्यात, आणि खिळे यंत्रावरचे, सोळाव्या शतकात असले खिळे नव्हतेच. त्यातून तुळईला खालून दुसऱ्याच कुठल्या तरी खांबांच्या रिकाम्या खाचा आहेत, आमच्या फळ्यांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. कोणी तरी हौशी मालकाने शंभरेक वर्षांपूर्वी दुसऱ्या घरातून ही भिंत आणून इथे बसवली, कमी पडली तिथे ठोकून घेतली.

थेल्मा पलंगावरून बघत होती. धुळीने तिला खोकला येत होता.

"मिळालं का हवं ते?" तिने विचारलं.

"मिळालं."

"मग तोंड असं का केलंयस?"

खाली उतरलो आणि तिच्या पांघरुणावरची धूळ झटकली. ती म्हणाली, "रोलंड, बस जरा. मला बोलायचंय." मी म्हटलं, आता बोलायचं काय, आता दार होणार. मग खिळ्यांचे फोटो काढायला परत शिडीवर चढलो, कारण दुपारनंतर त्या खोलीत उजेड राहत नाही.

२४ जून

ग्रिग्जबाई म्हणतात, फोटो बोलके आहेत, पण ज्याने एक म्हटलं त्यानेच उलट म्हटलं तर कमिटी संशय घेणार, विशेषतः त्याला न्हाणीघर हवं असेल तर. सोसायटीने लेखी दुजोरा द्यायला हवा. सोसायटी म्हणजे बेसिल.

तेव्हा आज गेलो 'थ्री टन्स' पबमध्ये. तो नेहमीच्या कोपऱ्यात लोणच्यातलं अंडं खात बसला होता. मी सगळं सांगितलं. त्याने अंडं संपवलं, बोटं पुसली, आणि म्हणाला, "परत एकदा सांग. नीट ऐकू आलं नाही."

"ऐकू आलंय तुला."

"आलंय. पण चार वर्षं वाट बघितलीय रे, एकदाच ऐकून कसं भागेल?"

सांगितलं परत. मग तो लगेच माझ्याबरोबर घरी आला. दात बघायचा जुना आरसा त्याच्या खिशातच असतो. शिडीवर चढून तो आरसा एकेका खाचेत घालून बघत होता आणि 'अं', 'अंहं' करत होता. थेल्मा म्हणाली, "बेसिल, काढावा लागेल की भरून भागेल?" दोघं खो खो हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

खाली उतरून बेसिल म्हणाला, "दुजोरा देतो. पण एका अटीवर. पत्रकात कोपऱ्यात दोन ओळी टाकून तू सुटणार नाहीस. सप्टेंबरात वारसा दिनाला घर उघड आणि भिंतीपुढे उभा राहून लोकांना स्वतःच्या तोंडाने सांग."

दरवर्षी सप्टेंबरात गावातली जुनी घरं लोकांना बघायला उघडतात. यंदा आम्ही नाव दिलं नव्हतं. मी हो म्हटलं. दुसरा इलाज काय होता?

त्या वेळी थेल्मा डोळे मिटून पडली होती, त्यामुळे तिला लगेच विचारता आलं नाही.

८ जुलै

थेल्माला वारसा दिनाचं सांगितलं.

"कधी?" ती म्हणाली.

"चौदा सप्टेंबर."

"आणि मी कुठे असेन?"

"इथेच. तुला हलवायचा प्रश्नच नाही. पलंगाच्या बाजूने दोरी बांधू, जाडजूड, लाल. चर्चकडे आहे."

ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. तिने इतक्या सहज घेतलं म्हणून मला हायसं वाटलं. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, कठीण वेळेला तिचा स्वभाव असा कामाला येतो.

२१ जुलै

ज्युडिथ पुन्हा. जाताना निळं सुपाचं भांडं घेऊन गेली, थेल्माने दिलं म्हणे. थेल्माच्या आईचं भांडं ते, इतकी वर्षं कोणाला हात लावू देत नव्हती. विचारलं तर म्हणाली, "मला आता उचलवत नाही." मग मला विचारते, आपलं भांड्यांचं कपाट किती लांब आहे? मी लगेच टेप आणून मोजून दिलं. घराच्या मापांत तिने एवढा रस घेतल्याचं मला आठवत नाही. बरं वाटलं.

दोघी फोनवर बरंच बोलतात. मी आलो की हवापाण्यावर येतात.

६ ऑगस्ट

आजचा दिवस लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.

ग्लोरिया आजारी. बदली बाई आली नाही. थेल्मा कालपासून घामाने चिकचिकली होती, तेव्हा मीच पाणी तापवलं, पातेलं आणलं, घोंगडी ओढली, खिडकीचे पडदे लावले. पण त्या जुन्या पडद्यांत मध्ये फट राहते आणि खिडकी पार फुटपाथच्या उंचीला. काचेला दुधी कागद लावायलाही परवानगी लागते, तो अर्ज मी फेब्रुवारीतच केलाय, त्याचं उत्तर अजून नाही.

तिच्या पाठीला साबण लावत होतो. बाहेर पाटी वाचायला माणसं थांबतात, ती थांबली. दोघं होती. एक जण काचेला हाताचा आडोसा करून आत डोकावला. मी ओरडलो. खिडकीचा पडदा ओढायला गेलो तर कमानीवरच्या घोंगडीत पाय अडकला, दोरी निसटली आणि घोंगडी खाली आली, पातेल्यात.

डोकावणारा गृहस्थ 'माफ करा' म्हणाला आणि पळाला. मी चिडलो होतो. मी म्हटलं, आता ही दोरी नको, इथे पितळी दांडी हवी आणि दांडीलाही यांची परवानगी लागणार, या कौन्सिलने माणसाला जगू द्यायचं नाही असं ठरवलंय. बरंच काही म्हटलं. मग लक्षात आलं की थेल्मा टॉवेल छातीशी धरून तशीच बसलीय आणि कुडकुडतेय.

"रोलंड," ती म्हणाली. "मला एक दार हवंय. आतून लावता येईल असं. बाकी काही नको."

तिला कोरडं केलं, गाऊन घातला. तिच्या पायाची बोटं थंड पडली होती, ती चोळत बसलो. तिला सांगितलं, दार होणारच आहे, आणि साधं प्लायवूडचं नाही, ओकच्याच फळ्यांचं करू, मागे तिरकस पट्टी मारून, कडी तुझ्या पसंतीची. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

१४ सप्टेंबर

वारसा दिन. शंभराच्या वर माणसं येऊन गेली असतील.

सकाळी लवकर उठून कमोडच्या खुर्चीवर पांढरं टेबलक्लॉथ घातलं आणि वर डेलियाची फुलदाणी ठेवली, ओळखू येत नव्हतं. दोरी बांधली. थेल्माने निळं जॅकेट घातलं, लिपस्टिक लावली. ज्युडिथ मागच्या अंगणात चहा आणि केक विकत होती. दिवसभरात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

अकराच्या सुमाराला बेसिल आला आणि अगदी पुढे उभा राहिला. खोली माणसांनी गच्च भरली होती. मी भिंतीपुढे उभा राहून सांगितलं. खाच अर्ध्यात संपते, खिळे यंत्रावरचे, ही भिंत या घरासाठी घडवलेली नाही, आणि पुस्तिकेत मी लिहिलं ते चूक होतं. बेसिलकडे बघितलं नाही.

सायकलच्या चड्डीतला एक गृहस्थ म्हणाला, "म्हणजे आम्ही जी बघायला आलो, ती जुनी नाहीच?"

"जुनी आहे," मी म्हटलं. "पण इथली नाही."

"माझ्यासारखीच," थेल्मा पलंगावरून म्हणाली.

सगळे हसले. तेवढ्याने ताण जरा सैलावला, तिचे आभार मानायला हवेत.

मग टोपीवाल्या एका बाईंनी दोरीवरून वाकून फुलदाणीकडे बोट केलं. "खाली ती खुर्ची दिसतेय, ती कुठल्या काळातली?"

"फेब्रुवारीतली," थेल्मा म्हणाली. "दवाखान्याची आहे. वापरात आहे अजून. तुम्ही सगळे गेलात की वापरीन म्हणते."

या वेळी कोणी हसलं नाही. बाई लाल झाल्या. बेसिलने आरसा खिशात टाकला, घसा खाकरला आणि "चला मंडळी, माळा बघू या" म्हणून सगळ्यांना जिन्याकडे हाकललं. ते त्याने चांगलं केलं. निघताना माझ्याजवळ थांबून म्हणाला, "मला ठाऊक असतं तर मी ही अट घातली नसती." कशाबद्दल म्हणत होता? भिंतीबद्दल तर त्याला सगळंच ठाऊक होतं.

दुपारभर थेल्मा भिंतीकडे तोंड करून झोपून होती. गर्दीचा तिला त्रास झाला असं मला वाटलं नाही. एकदाही कूस बदलली नाही.

३ ऑक्टोबर

परवानगी मिळाली!

ग्रिग्जबाईंनी स्वतः फोन केला तेव्हा मी बाजारात होतो. भर बाजारात टोपी काढली. वाटेत थेल्माला आवडतो तो आल्याचा केक घेतला. सुताराकडे जाऊन ओकच्या फळ्यांची चौकशी केली, सोमवारपासून कामाला लागतो म्हणाला.

घरी आलो तर ज्युडिथची गाडी दारात. दोघी टेबलाशी बसल्या होत्या. थेल्मा खुर्चीत ताठ बसली होती, वॉकर बाजूला. मी केक ठेवला आणि म्हटलं, "मिळाली."

"हो, बाईंनी इथेही फोन केला होता," थेल्मा म्हणाली. "अभिनंदन. मनापासून म्हणतेय. तू फार मेहनत घेतलीस."

"सोमवारपासून काम सुरू."

"रोलंड, मी सीबर्नला घर घेतलंय भाड्याने. बैठं घर आहे. समुद्राजवळ. शनिवारपासून माझं."

मला आधी वाटलं की काम चालू असताना धूळ नको म्हणून. तसं म्हटलंही.

"नाही," ती म्हणाली. "कायमचं. मी जातेय. तू यायचंस की नाही ते तू ठरव. आलास तर मला आवडेल."

मी म्हटलं, पण परवानगी मिळाली. हे मी बहुतेक तीन-चारदा म्हटलं. जी गोष्ट चार वर्षं छातीवर मिरवली ती सगळ्या गावासमोर काढून टाकली, बेसिल क्राउचपुढे मान तुकवली, कोणासाठी? आणि ही मे महिन्यापासून माझ्यामागे घरं बघत हिंडतेय, ताकास तूर लागू देत नाही! एकदा बोलली असतीस तर?

"बोलले," थेल्मा म्हणाली. "दर वेळी बोलले. तू मापं घेत होतास."

ज्युडिथ म्हणाली, "डॅड, केक कापू का?"

मी बाहेर निघून गेलो.

४ ऑक्टोबर

संतापलोय. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

५ ऑक्टोबर

माणसं आली आणि तिचं सामान घेऊन गेली. कपाट बोळकंडीतून जाईना तेव्हा मीच सांगितलं की मागचे पाय काढा, निघतात. ते गेलं. थेल्मा जाताना दारात थांबली. मला वाटलं काही तरी बोलेल. तिने चौकटीवर हात फिरवला, मी करतो तसा, आणि म्हणाली, "छान आहे घर. खरंच. मी कधी वाईट म्हटलं नाही त्याला."

मी म्हटलं, शाल राहिली तुझी. आणि आत जाऊन शाल आणली.

१० ऑक्टोबर

सुताराला थांबायला सांगितलं. भिंतीपुढे खुर्ची टाकून बसलो. पलंग गेल्याने खोलीचं मूळ प्रमाण चांगलं कळतं. हे कोणाला तरी सांगावं म्हणून मान वळवली.

दुपारी बेसिल आला, पाय वाजवत. म्हणाला, "एकटाच?" मी म्हटलं, नाही, सोळावं शतक आहे सोबतीला. तो म्हणाला, "रोलंड, माझी मारियन गेली त्याला सहा वर्षं झाली. सोळाव्या शतकाला चहा करता येत नाही, बघ." मग त्यानेच केला. वाईट झाला होता.

१९ ऑक्टोबर

थेल्माची औषधाची डबी वरच्या कपाटात राहिली होती, ती द्यायला बसने सीबर्नला गेलो. पोस्टाने पाठवता आली असती.

घर १९७४ चं. बाहेरून खडीचा गिलावा, पन्हळी प्लास्टिकच्या. एकाही उंबऱ्याला उंचवटा नाही, सगळी जमीन टेबलासारखी सपाट. भिंतीवर टिचकी मारली तर पोकळ वाजली. इतिहास म्हणून काहीही नाही. शेजारची बाई म्हणाली की याआधी इथे एक बसचा कंडक्टर राहायचा आणि तो पोपट पाळायचा, बस्स.

दार थेल्मानेच उघडलं. वॉकर नव्हता, नुसती काठी होती. केस ओले नव्हते, पण खांद्यावर टॉवेल होता.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "मी आंघोळीलाच चालले होते. बस तू."

"मदत लागेल?"

"नको."

ती पॅसेजमधून गेली. काठी एका हातात, दुसरा हात भिंतीला लावलासुद्धा नाही. न्हाणीघरात गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

जानेवारीपासून मी तिला दार लावताना बघितलं नव्हतं. हे मला तिथे उभं असताना सुचलं, त्याआधी एकदाही नाही. घोंगडी, दोरी, पितळी दांडी, तिरकस पट्टी, सगळं सुचलं होतं.

पाणी सुरू झालं. भिंत पातळ असल्यामुळे सगळं ऐकू येतं. ती गुणगुणत होती. सॅडलर्स स्ट्रीटला आलो त्याच्याही आधी, पहिल्या भाड्याच्या घरात गुणगुणायची तेच काही तरी. मी पॅसेजमध्ये औषधाची डबी दोन्ही हातांत धरून उभा. डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

बऱ्याच वेळाने पाणी थांबलं.

"रोलंड, दाराशी उभा आहेस का?"

"नाही."

"मग चहा ठेव. किटली ओट्यावर आहे. आणि घाई करू नकोस, मला अजून वेळ लागेल."

किटली भरून ठेवली. ती तापेपर्यंत पुन्हा पॅसेजमध्ये आलो. खिशात टेप होता, नेहमी असतो. काढला नाही.

रात्री बस नव्हती. होती खरं तर, पण गेलो नाही. पाहणीची नोंद इथेच करून ठेवतो:

सीबर्न, न्हाणीघराचं दार. हलकं, आतून पोकळ, पांढरा रंग. खाली पाण्याने फुगलंय. कडी साधी, पत्र्याची. आतून लागते. मूळ जागी आहे. हलवू नये.